फ्रेस्नोचा निशाचर : काही सेकंदांच्या चित्रफितीची साक्ष कशी तपासावी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन वाकीन खोऱ्याच्या मध्यभागी, फ्रेस्नो नावाचे शहर आहे. बदाम, द्राक्षे आणि बेदाण्यांच्या व्यापारासाठी ते ओळखले जाते आणि त्याची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख आहे. तरीही जगातल्या असंख्य लोकांनी या शहराचे नाव पहिल्यांदा ऐकले, ते काही सेकंदांच्या एका धूसर, कृष्णधवल चित्रफितीमुळे. ‘फ्रेस्नो नाइटक्रॉलर’, म्हणजे फ्रेस्नोचा निशाचर, या नावाने ती फीत गेली अनेक वर्षे इंटरनेटवर फिरत आहे.

फितीत दिसते ते थोडक्यात असे. रात्रीची वेळ आहे, एका घराच्या आवारावर रोखलेला सुरक्षा कॅमेरा आहे आणि त्याच्या चौकटीतून एक पांढरी आकृती सावकाश चालत जाते. तिचे पाय लांबच लांब आहेत, हात दिसत नाहीत, धड जवळजवळ नाहीच आणि वर इवलेसे डोके आहे. पांढरी विजार दोरीवरून उतरून एकटीच फिरायला निघावी, तसे ते दृश्य आहे. ज्या प्राण्याचे अस्तित्व लोकांच्या सांगण्यावर किंवा अशा एखाद्या चित्रावर उभे आहे, पण ज्याला प्राणिशास्त्राने मान्यता दिलेली नाही, त्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ‘क्रिप्टिड’ म्हणतात. हिमालयातला यती किंवा स्कॉटलंडच्या नेस सरोवरातला प्राणी ही याची जुनी उदाहरणे होत. त्यांच्या कथा आधी माणसांच्या तोंडी होत्या आणि छायाचित्रे नंतर आली. फ्रेस्नोच्या निशाचराचे उलट आहे. तो जन्मलाच चित्रफितीतून आणि ती फीत बाजूला केली, तर त्याच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणूनच चित्रफितीची साक्ष कशी तपासावी हे समजून घेण्यासाठी याच्याइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रचलित हकिकत अशी आहे की आवारात चोऱ्या होत असल्याच्या संशयावरून एका घरमालकाने कॅमेरा बसवला, रात्रीची टेप पाहताना त्याला ही आकृती दिसली आणि त्याने ती टेप स्पॅनिश भाषेतील प्रसारमाध्यमांकडे नेली. गूढ विषयांवर स्पॅनिशमध्ये रेडिओ कार्यक्रम करणारे व्हिक्टर कामाचो यांचे नाव या टप्प्यावर येते. घटना नव्वदच्या दशकातली की २००७ च्या सुमाराची, याविषयी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी माहिती दिली जाते. आज लोकांसमोर असलेले चित्र मूळ टेपवरून थेट घेतलेले नाही, तर पडद्यावर चालू असलेली टेप दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपून तयार झालेले आहे. म्हणजे आपण ज्याला ‘पुरावा’ म्हणून पाहतो, ती पुराव्याच्या नकलेची नक्कल आहे.

कोणत्याही चित्रफितीची तपासणी ‘यात काय दिसते’ या प्रश्नाने सुरू होते, असा आपला समज असतो. खरे तर पहिला प्रश्न ‘ही आली कोठून’ हा असायला हवा. न्यायालयात एखादी वस्तू पुरावा म्हणून मांडली जाते, तेव्हा ती कोठे सापडली, कोणी उचलली, कोणाच्या ताब्यात किती काळ होती आणि मधल्या काळात तिच्यात फेरफार होणे शक्य होते का, हे आधी पाहिले जाते. निसर्गशास्त्रातही हीच शिस्त आहे आणि तिचे एक ठळक उदाहरण आपल्या खानदेशातले आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे शेवटचे खरे नमुने १८८० च्या दशकात गोळा झाले होते. त्यानंतरचा एकच नमुना नोंदलेला होता. तो १९१४ मध्ये गुजरातमध्ये मिळाल्याचे रिचर्ड माइनर्टझहागेन या प्रतिष्ठित ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने सांगितले होते. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो पक्षी बारकाईने तपासला, तेव्हा तो जुन्याच संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी लावून मांडलेला आहे, हे उघडकीस आले. पक्षी अस्सल होता, खोटी होती ती त्याच्या उगमाची नोंद. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या, विश्वासार्ह नोंदींच्या ठिकाणी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. नमुना हातात असूनही उगम चुकीचा असेल, तर शोध भलतीकडे जातो. इथे तर नमुनाही हातात नाही.

उगमाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून चित्राकडे वळू. रात्री काम करणारे सुरक्षा कॅमेरे बहुधा अवरक्त प्रकाश वापरतात. हा प्रकाश माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. अशा प्रकाशात रंगांचे नेहमीचे नियम चालत नाहीत. कित्येक काळी रंगवलेली कापडे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात आणि त्यामुळे चित्रात फिकट, जवळजवळ पांढरी दिसतात. म्हणून चित्रीकरण अवरक्त प्रकाशात झाले असेल, तर ‘आकृती पांढरी आहे’ हे विधानसुद्धा खात्रीने करता येत नाही. शिवाय जी वस्तू कॅमेऱ्याच्या क्षमतेपेक्षा जास्त उजळते, तिच्यावरच्या घड्या, शिवणी, सावल्या असे सगळे तपशील एका सपाट पांढऱ्या डागात विरून जातात. दिवे भिंगालगतच बसवलेले असल्यास वस्तूची सावली तिच्या मागे लपते आणि कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. ‘सावली नाही, म्हणजे हे पारलौकिक आहे’ असा युक्तिवाद मी वाचलेला आहे. त्याचे उत्तर दिव्याच्या जागेत आहे.

याच्या जोडीला सूक्ष्मतेचा हिशेब करून पाहावा, कारण तो फार बोलका आहे. जुन्या व्हीएचएस टेपवर चित्राच्या रुंदीत साधारण ३२० वेगवेगळे ठिपके टिकतात, असे धरू. कॅमेऱ्याचे भिंग ६० अंशांचा कोन पाहते आणि वस्तू त्याच्यापासून १० मीटर दूर आहे, असेही धरू. मग त्या अंतरावर चित्रात सुमारे साडेअकरा मीटर रुंदीचा भाग सामावतो आणि प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला जवळपास साडेतीन सेंटिमीटर येतात. ही आकृती म्हणजे दोऱ्यांवर नाचवलेली बाहुली असावी, असा एक पर्याय मांडला जातो. अशा कामाला चालेल असा मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा ०.३ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एका ठिपक्याच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. असा दोरा त्या चित्रात उमटणे जवळजवळ अशक्य आहे. ही झाली मूळ टेपची गोष्ट. पडद्यावरचे चित्र पुन्हा टिपल्यावर उरलेसुरले बारकावेही पुसले जातात, त्यात पडद्याची लुकलुक मिसळते आणि पुढे इंटरनेटवर टाकताना संगणकाने केलेल्या संकोचनात चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. तेव्हा ‘दोऱ्या दिसत नाहीत, म्हणून ती बाहुली नाही’ हे म्हणणे टिकत नाही. अर्थात, दोऱ्या दिसत नाहीत म्हणून त्या आहेतच, असेही यातून सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ती फीत दोन्ही बाजूंना सारखीच मुकी आहे.

खरी गंमत चालीत आहे. माणूस चालतो तेव्हा शरीराचा भार जमिनीवर टेकलेल्या पायावरून कमानीसारखा पुढे जातो. त्यामुळे डोके प्रत्येक पावलागणिक किंचित वर-खाली होते, कंबर भार घेणाऱ्या बाजूला सरकते आणि पाऊल टाचेकडून बोटांकडे वळत उचलले जाते. वजन पेलणाऱ्या कोणत्याही द्विपाद प्राण्याला, मग तो शहामृग असो वा माणूस, या भाराच्या देवाणघेवाणीतून सुटका नसते. वरून टांगलेल्या बाहुलीचे पाय जमिनीला टेकतात, पण भार घेत नाहीत. भार वरच्या दोरीवर असतो आणि म्हणून तिची चाल तरंगती दिसते. फ्रेस्नोच्या आकृतीची चाल पाहून अनेकांच्या मनात हाच शब्द येतो. परंतु इतक्या अस्पष्ट चित्रावरून कमरेचे सरकणे मोजता येत नाही, त्यामुळे हा ठसा सूचक मानावा, निर्णायक मानू नये.

चालीवरून आकार ओळखण्याची एक सुंदर युक्ती मात्र भौतिकशास्त्राने दिलेली आहे. लटकणाऱ्या लंबकाला एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १ मीटर लांबीचा लंबक सुमारे २ सेकंदांत झोका पूर्ण करतो, तर २५ सेंटिमीटरचा सुमारे १ सेकंदात. पायही काही अंशी लंबकासारखेच झुलतात, म्हणून लहान मुलाची पावले भरभर पडतात आणि जिराफाची संथ. एखाद्याने माणसाच्या उंचीच्या चौथाई आकाराची बाहुली मोकळी झुलवत चालवली, तर तिचे पाय दुप्पट वेगाने हलतील आणि पाहणाऱ्याला तिचा लहानपणा लगेच जाणवेल. पण तेच चित्रीकरण निम्म्या गतीने दाखवले, तर ती पूर्ण उंचीची वाटू लागते. चित्रपटांतील छोट्या प्रतिकृती, म्हणजे कोसळणारे पूल, बुडणारी जहाजे, खऱ्या आकाराच्या भासाव्यात म्हणून त्यांचे चित्रीकरण याच तत्त्वावर जलदगतीने करून नंतर संथ दाखवले जाते. फ्रेस्नोच्या फितीत आकृतीची उंची किती, हे ठरवण्यासाठी तिच्या अगदी शेजारी ओळखीच्या मापाची वस्तू हवी आणि टेप मूळ गतीने चालली आहे याची खात्री हवी. त्या नकलेत या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. म्हणून ती आकृती माणसाच्या कमरेएवढी की घराच्या खिडकीएवढी, यावर घातलेले वाद अंदाजाच्या पलीकडे जात नाहीत.

एवढे सगळे अपुरे असूनही, पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘काहीतरी चालत आहे’ असेच का वाटते? याचे उत्तर आपल्या मेंदूत आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार योहानसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या सांध्यांवर लहान दिवे लावून त्याला अंधारात चालवले आणि प्रेक्षकांना फक्त ते हलणारे ठिपके दाखवले. ठिपके स्थिर असताना त्यांचा काही अर्थ लागत नव्हता, पण ते हलू लागताच प्रेक्षकांना चालणारा माणूस दिसू लागला. सुमारे दहा-बारा ठिपके त्यासाठी पुरेसे होते. सजीवाची हालचाल ओळखण्याची ही क्षमता आपल्यात इतकी खोल रुजलेली आहे की मिळालेल्या थोड्याशा खुणांवरून उरलेला देह मेंदू स्वतःच उभा करतो. दोन पांढऱ्या पट्ट्या आळीपाळीने पुढे-मागे होत असतील, तर त्यांच्या वर धड आणि डोके कल्पिण्याचे काम पाहणाराच करून टाकतो.

समजा, तो प्राणी खरा आहे. मग शरीरशास्त्राचे प्रश्न उभे राहतात. हृदय, फुप्फुसे, आतडी यांना जागा लागते आणि लांब पाय हलवणाऱ्या स्नायूंना रुंद, भक्कम कंबर लागते. या आकृतीत त्या अवयवांना आणि स्नायूंना सामावण्याजोगा भागच दिसत नाही. शिवाय एकच प्राणी कधी अस्तित्वात नसतो. त्याचे आईबाप असतात, पिले असतात, तो काही खातो, विष्ठा टाकतो आणि मेल्यावर हाडे मागे ठेवतो. ‘तो फार लाजाळू आहे’ हे उत्तर इथे नेहमी दिले जाते, आणि त्याची किंमत जोखायला कॅलिफोर्नियातलीच दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले पी-२२ नावाच्या नर प्यूमाचे, म्हणजे मांजरकुळातल्या एका मोठ्या शिकारी प्राण्याचे. २०१२ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिस शहराच्या ऐन मध्यातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये, वन्यजीवांच्या नोंदीसाठी लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात तो अनपेक्षितपणे टिपला गेला. काही आठवड्यांतच त्याला पकडून, रेडिओ पट्टा बसवून सोडण्यात आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच्या हालचाली, आहार, आजार यांची सविस्तर नोंद जमा झाली. तो एकटाच होता, निशाचर होता आणि माणसाला टाळत होता. दुसरे उदाहरण सिएरा नेवाडा लाल कोल्ह्याचे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तो जवळजवळ १०० वर्षे दिसलेला नव्हता. डिसेंबर २०१४ आणि जानेवारी २०१५ मध्ये उद्यानाच्या दुर्गम भागातल्या कॅमेऱ्यांनी त्याला टिपले. त्या चित्रांबरोबर कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि कॅमेरा लावणाऱ्या संशोधकांची नावे होती. दुर्मीळ, लाजाळू प्राणी कॅमेऱ्यात येतात तेव्हा पाठोपाठ आणखी पुरावे येत राहतात. निशाचराच्या बाबतीत, घरोघरी मोबाइल आणि दारोदारी कॅमेरे आल्यानंतरच्या काळात चित्रे अधिक स्पष्ट व्हायला हवी होती. स्पष्ट झाले ते फक्त त्याचे खेळण्यांवरचे रूप.

योसेमिटीचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे की पहिल्या फितीनंतर तशाच आकृत्यांची दुसरी एक फीतही पुढे आली आणि ती योसेमिटीच्या परिसरातली असल्याचे सांगण्यात आले. तिच्या उगमाची कथा पहिलीपेक्षाही पातळ आहे. पहिली फीत प्रसिद्ध झाल्यानंतर आलेली दुसरी फीत पहिलीला आधार देते असे मानणे धोक्याचे असते, कारण तोपर्यंत आकृती कशी दिसायला हवी हे सर्वांना माहीत झालेले असते.

अमेरिकेच्या सायफाय वाहिनीवर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘फॅक्ट ऑर फेक्ड’ या कार्यक्रमाने ही फीत तपासायला घेतली, तसेच दृश्य पुन्हा निर्माण करण्याचा प्रयत्न केला आणि ते हुबेहूब साधले नाही असा निष्कर्ष प्रेक्षकांसमोर ठेवला. त्यामुळे कोड्याला आणखी वजन आले. ‘कॅप्टन डिसइल्यूजन’ या नावाने यूट्यूबवर दृश्यचमत्कारांची उकल करणारे अ‍ॅलन मेलिक्जानियन यांनी मात्र साध्या साधनांनीही असे चित्र कसे तयार करता येते, हे दाखवले. या दोन्ही प्रयत्नांकडे पाहताना तर्काची एक अडचण ध्यानात ठेवावी लागते. एका चमूला जमले नाही, याचा अर्थ ते कोणालाच जमणार नाही असा होत नाही, आणि एकाला जमले, याचा अर्थ मूळ फीतही तशीच बनवली होती असाही होत नाही. पुनर्निर्मितीने शक्यता सिद्ध होते, घटना सिद्ध होत नाही. मला स्वतःला बाहुली किंवा दोरीवरच्या कापडाचाच पर्याय पटतो. त्यासाठी निसर्गाचा एकही ज्ञात नियम मोडावा लागत नाही, आणि दुसऱ्या पर्यायासाठी शरीरशास्त्रापासून परिसंस्थेपर्यंत सगळेच नव्याने लिहावे लागते.

या निशाचराच्या कथेला ‘मूळ अमेरिकी आदिवासींच्या पुरातन दंतकथा’ जोडण्याची एक सवय पडली आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. असे सांगणारे लोक बहुतेक वेळा जमातीचे नाव सांगत नाहीत, भाषा सांगत नाहीत, कथा कोणी, कोठे सांगितली हेही सांगत नाहीत. या भागात योकुट आणि मोनो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले आहेत. त्यांच्या कथा मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच टिपून ठेवायला सुरुवात केली होती. फ्रेस्नोच्या दक्षिणेला, टूली नदीच्या राखीव क्षेत्रातल्या ‘पेंटेड रॉक’ या ठिकाणी योकुट लोकांच्या ‘केसाळ माणसा’चे चित्र खडकावर रंगवलेले आहे आणि त्याची कथा ती जमात आजही सांगते. खरी परंपरा अशी दिसते : तिला जागा असते, नाव असते, सांगणारी माणसे असतात. अनामिक ‘आदिवासी’ पुढे करून इंटरनेटवरच्या आकृतीला प्राचीनता बहाल करणे हा त्या खऱ्या कथांवर अन्याय आहे.

निशाचराच्या लोकप्रियतेचे कारण इतर क्रिप्टिडांशी त्याची तुलना केल्यावर थोडेसे उलगडते. वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट गावाचा मॉथमॅन, म्हणजे पंख असलेली माणसासारखी आकृती, १९६६-६७ मध्ये गाजला आणि डिसेंबर १९६७ मध्ये तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे मृत्युमुखी पडल्यावर त्याची कथा कायमची त्या दुःखाशी जोडली गेली. १९९५ मध्ये पोर्तो रिकोत गाजलेला चुपाकाब्रा शेळ्यांचे रक्त पितो, असे सांगितले गेले. फ्रेस्नोच्या निशाचराच्या नावावर असा एकही बळी नाही. तो कोणाच्या अंगावर धावत नाही, काही चोरत नाही, फक्त चालतो आणि निघून जातो. त्याचे चित्र कोणालाही दोन रेघांत काढता येते. चेहरा जवळपास नसल्यामुळे त्याला हवा तो स्वभाव देता येतो. स्टिकर, मऊ खेळणी, टी-शर्ट, अंगावर गोंदवलेली चित्रे अशा रूपांत तो पसरला आणि फ्रेस्नोतल्या लोकांनीही त्याला आपला म्हणून कौतुकाने स्वीकारले. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकी कित्येकांना तो खरा आहे की नाही याने काही फरक पडत नाही, आणि त्यात गैरही काही नाही, जोपर्यंत प्रेमाला पुरावा म्हटले जात नाही.

मूळ टेप उद्या एखाद्या जुन्या खोक्यातून बाहेर आली, तर काय करता येईल, हे शेवटी सांगतो. टेप थेट यंत्रावर वाचून तिच्यावरची प्रत्येक चौकट वेगळी काढता येईल. अमेरिकेत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला जवळपास ६० अर्धचौकटी, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे, असत, त्यामुळे प्रत्येक पावलाला लागलेला वेळ अचूक मोजता येईल आणि टेपची गती बदललेली आहे का, हे तिच्यावरच्या नियंत्रण-खुणांवरून पाहता येईल. एकावर एक चित्रीकरण झाले असल्यास त्याच्या जोडाच्या जागी विस्कळीत खुणा सापडतील. कॅमेरा बसवलेले आवार ओळखता आले, तर त्याच जागी तसाच कॅमेरा लावून, जुन्या चित्रातील कुंपण किंवा भिंतीच्या कडा नव्या चित्राशी जुळवून, आकृती जिथून चालली त्या रेषेवर मापाची काठी उभी करता येईल आणि उंचीचा वाद एका दुपारच्या कामात मिटेल. उंची हातभर निघाली, तर बाकीच्या प्रश्नांची चर्चा करण्याची गरजही उरणार नाही.